अस्सल, नक्कल आणि रुजवात



ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे नाव मी आज उच्चारणार नाही. कारण ज्यांनी हयातभर आपल्या दारावर नावाची पाटीसुद्धा लावू दिली नाही, त्यांचे नाव ध्वनिक्षेपकावरून घुमवणे हा त्यांच्या संकोची स्वभावाचा उपमर्द होईल, आणि या सभागृहातील निम्म्याहून अधिक मंडळींनी त्यांच्या हातची छडी खाल्लेली असल्यामुळे ते सांगण्याची गरजही नाही. त्यांची एक सवय मात्र सांगितली पाहिजे. वर्गात एखाद्या मुलाने उत्तर चुकवले, तर ते शांतपणे दुरुस्त करीत; पण उत्तर बरोबर आले, की चष्म्याच्या वरून त्या मुलाकडे रोखून पाहत ते विचारीत, “हे तुला कोणी सांगितले?” पुस्तकात आहे म्हटले तर कोणत्या पुस्तकात, आणि पुस्तकाचे नाव सांगितले तर त्या पुस्तककर्त्याला ते कोणी सांगितले, अशी ती शृंखला मुलगा निरुत्तर होईपर्यंत लांबत जाई. बरोबर उत्तराबद्दल शिक्षा भोगावी लागणारा भूतलावरील एकमेव वर्ग आमचाच असावा, असे त्या वयात आम्हांला वाटत असे.

आजचा विषय संयोजकांनी निवडला आहे: महाविद्यालयीन विद्यार्थी आपल्या अभ्यासात कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो वापर करतात, त्याविषयी त्यांच्या स्वतःच्या मनात कोणती भावना आहे. मी यंत्रविद्येचा जाणकार नव्हे. इतिहास शिकवणे आणि फावल्या वेळात मोडी कागद वाचणे एवढ्यावर माझी कारकीर्द संपली. परंतु मोडी कागदांच्या सहवासात तीन शब्द माझ्या अंगवळणी पडले आहेत, आणि त्यांच्यावाचून मला या विषयाला हात घालता येत नाही. पहिला अस्सल, दुसरा नक्कल, आणि तिसरा, जो आता वापरातून जवळजवळ नाहीसा झाला आहे, तो रुजवात. दफ्तरात मूळ कागद तो अस्सल. त्यावरून उतरवून घेतला ती नक्कल. आणि नक्कल अस्सलाशी ओळीला ओळ ताडून पाहण्याची जी क्रिया, ती रुजवात. ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा पडला, म्हणजे त्या कागदाला दरबारात किंमत आली. नक्कल करणे हा त्या काळी गुन्हा नव्हता, उलट ते प्रतिष्ठेचे काम होते. रुजवातीवाचून नक्कल पुढे सरकवणे, हा मात्र कारकुनाचा कसूर समजला जाई.

गेल्या वर्षी सोलापूर शहरातील एका महाविद्यालयाने मला क्षेत्र-प्रकल्पांचे परीक्षण करण्यास बोलावले. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात हे प्रकल्प आणले आहेत, आणि विद्यार्थ्याने पुस्तकातून उठून गावात जावे, माणसांना भेटावे, डोळ्यांनी पाहावे, अशी त्यांमागची कल्पना आहे; ती मला मनापासून पसंत आहे. माझ्यापुढे अडतीस प्रकल्प आले. त्यांपैकी अकरा सोलापुरी चादरीवर होते, आणि त्या अकराही प्रकल्पांत सोलापूरला समृद्ध वारसा लाभला होता, चादरीने अर्थव्यवस्थेत महत्त्वपूर्ण भूमिका बजावली होती, आणि ती केवळ एक वस्त्र नसून एक ओळख होती. भाषेत व्याकरणाची चूक नव्हती, विरामचिन्हे जागच्या जागी होती, आणि हे लिहिणाऱ्याने चादर कधी अंगावर घेतली असावी असा संशय येण्यास एकाही वाक्यात जागा नव्हती. एका प्रकल्पाने तर मुंबई इलाख्याच्या १८८४ च्या सोलापूर गॅझेटियरचा दाखला देऊन त्या वर्षी या शहरात विणकरांच्या किती सहकारी संस्था होत्या त्याचा नेमका आकडा दिला होता, पृष्ठांकासह. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदाच मुळी १९०४ साली झाला. तरीही, पृष्ठांक दिलेला असल्यामुळे, मी गॅझेटियर काढून ते पान पाहिले. सहकारी संस्थेचा तेथे मागमूसही नव्हता. त्याच प्रकल्पाच्या संदर्भसूचीत सोलापूरच्या वस्त्रोद्योगावरील एका मराठी ग्रंथाचे भारदस्त नाव होते. मी दोन दिवस हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या पायऱ्या झिजवल्या, जुन्या ग्रंथपालांना विचारले, पुण्याला दूरध्वनी केला. असा ग्रंथ कोणी लिहिलेलाच नाही.

त्या प्रकल्पाचा विद्यार्थी तोंडी परीक्षेस समोर आला, तेव्हा मी त्याला आमच्या सरांचाच प्रश्न विचारला. त्याच्या चेहऱ्यावर ना भीती उमटली ना लाज. तो म्हणाला, “सर, चॅटजीपीटीवरनं काढलंय.”

‘काढलंय’ या क्रियापदाने मी त्या रात्री अस्वस्थ झालो, हे कबूल करतो. आपल्या विद्यार्थिदशेत आपण ग्रंथालयात बसून ‘टाचण काढीत’ असू. त्यात मान मोडे, बोटांना शाई लागे, आणि पाच पाने वाचून अर्धे पान काढावे लागत असल्यामुळे काय सोडायचे याचा निर्णय क्षणोक्षणी करावा लागे. पुढच्या पिढीने ‘झेरॉक्स काढली’. तिथे मान मोडणे संपले, पण निदान कोणाच्या वहीची काढायची, हे ठरवावे लागत होते. आता उत्तर काढतात. क्रियापद तेच राहिले आणि त्याच्या आतले श्रम एकेक करून गळून गेले. त्यामुळे मुलाला आपण काही निराळे, काही वावगे करतो आहोत असे भाषाच सांगत नाही. आजोबांनी काढले, बापाने काढले, मी काढतो.

त्यानंतर चार-सहा महिने मी मुलांशी बोलत राहिलो. परीक्षक म्हणून बोलावले की माणसे खोटे बोलतात, म्हणून मी पार्क चौकातल्या चहाच्या गाड्यावर, ग्रंथालयाच्या ओट्यावर, परीक्षेच्या फॉर्मसाठी लागलेल्या रांगेत बोललो. यातून टक्केवारी निघणार नाही, आणि ती काढण्याचा माझा अधिकारही नाही. परंतु जे ऐकले त्यावरून एवढे म्हणता येते, की विद्यार्थी या यंत्राबद्दल एकाच वेळी दोन मने बाळगतात, आणि ती दोन्ही प्रामाणिक आहेत. एक मन म्हणते की सगळेच वापरतात, न वापरणारा खुळा ठरतो. “मीच येडा राहू काय सर?” असे एकाने मला रोखठोक विचारले, आणि त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. दुसरे मन आपण वापरतो हे घरी सांगत नाही, प्राध्यापकांना सांगत नाही, आणि आपल्याच मित्राने तेच करून अधिक गुण मिळवले की कडवटपणे त्याची निंदा करते. गणिताची एक विद्यार्थिनी म्हणाली, की उत्तर हाती आल्यावर थोडा वेळ सगळे समजल्यासारखे वाटते, आणि वही मिटली की काहीच शिल्लक राहत नाही. शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही पदवीधराने याहून नेमके निदान केल्याचे मला आठवत नाही.

यंत्र परवडत नाही म्हणून दूर राहिलेला विद्यार्थी आता दुर्मीळ झाला आहे, कारण ते त्याच्या दारात फुकट आणून ठेवले गेले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी जगापुढे आले; आणि तीन वर्षांच्या आत, २०२५ च्या जुलैत एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची वर्षाची वर्गणी माफ केली, ऑक्टोबरअखेर जिओने अठरा ते पंचवीस वयाच्या तरुणांपासून आरंभ करून जेमिनायची अठरा महिन्यांची सेवा विनामूल्य दिली, आणि नोव्हेंबरापासून चॅटजीपीटीच्या चालकांनीही हिंदुस्थानात एक वर्षाची मुभा दिली. जिओची वयाची ही अट नीट पाहा. ती महाविद्यालयाच्या हजेरीपटाशी जुळते. ज्या मुलाला महाविद्यालयाचे ग्रंथालय एका वेळी दोनच पुस्तके देते, आणि तीही ग्रंथपाल जागेवर असले तर, त्याच्या खिशात मोबाइलच्या रिचार्जबरोबर हे आले. मक्ता पूर्ण जमेपर्यंत माल फुकट वाटण्याची रीत व्यापारात जुनी आहे. अठरा महिन्यांनंतर काय, हे मात्र एकाही मुलाने मला विचारले नाही.

आता मी मुलांच्या बाजूने थोडी कैफियत मांडतो. त्यांच्यावर नक्कल केल्याचा आरोप ठेवणारे न्यायासन निष्कलंक आहे काय? मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे शिकवण्यासाठी नव्हे, परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी. १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने, येथे अध्यापन हे परीक्षेची दासी झाले आहे, अशी खंत नोंदवली; १९४९ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या आयोगाने तर, उच्च शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असावी, असा स्पष्ट अभिप्राय दिला. या दोन अहवालांच्या मध्ये आणि नंतर आपण काय केले? तासाला नोट्स सांगितल्या. मार्गदर्शिका आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्या बाजाराला अभय दिले. प्रात्यक्षिकाची जर्नल मागील वर्षीच्या मुलाकडून उतरवून आणलेली आहे हे डोळ्यांनी दिसत असताना तिच्यावर लाल शाईने सही केली. मीही केली आहे, ती संख्या मोजण्याचे धैर्य मला नाही. ज्या विद्यार्थ्याने पंधरा वर्षे दुसऱ्याची वाक्ये आपल्या हस्ताक्षरात लिहून गुण मिळवले, त्याला सोळाव्या वर्षी एक यंत्र तीच वाक्ये अधिक तत्परतेने पुरवू लागले, तर नीतीच्या दृष्टीने त्याच्या आयुष्यात नवे काय घडले? “गाइडमधलं लिहिलं तर चालतं, मग ह्यातलं का चालत नाही?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. त्याला उत्तर देणे हे आपले कर्तव्य आहे, आणि ते हुकूम काढून देता येणार नाही.

माझे उत्तर असे. गाइड ही निकृष्ट असली तरी नक्कल होती. तिच्यामागे कुठेतरी, चार हात पलीकडे का होईना, एक अस्सल होते. कोणा प्राध्यापकाने कोणते तरी पुस्तक वाचून ती रचली होती, आणि चिकाटीने मागे गेले तर त्या पुस्तकापर्यंत पोचता येत होते. या यंत्राची घडण निराळी आहे. मला ती एका जाणत्या विद्यार्थ्याने समजावली, आणि मी समजलो ती अशी, की अफाट लेखनावर त्याला शिकवलेले असते, आणि त्या शिकवणीच्या जोरावर, आतापर्यंत आलेल्या शब्दांच्या पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ठरवीत ते एकेक शब्द मांडत जाते. पुस्तक उघडून पाहण्याची सोय त्याला अलीकडे जोडली गेली आहे, तरी त्याचा मूळ स्वभाव तो नव्हे. म्हणून त्याने दिलेला ग्रंथ असेल किंवा नसेल. ग्रंथाच्या नावासारखे वाटणारे नाव मात्र हटकून असेल. न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी २०२३ साली अशाच अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचे दाखले न्यायालयापुढे ठेवले, आणि त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला. आपल्या मोडी दफ्तराच्या भाषेत सांगायचे, तर ही अशी नक्कल आहे जिचे अस्सल कोणत्याही रुमालात बांधलेल्या कागदांत सापडेल याची हमी नाही. तिच्यावर ‘अस्सलबरहुकूम’ हा शेरा कोण मारणार?

आणि तरीही अशा नकलांचा अनुभव मराठी माणसाला पहिल्यांदाच येतो आहे, असे मुळीच नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढील तीनशे वर्षांत ती हातोहात उतरवली गेली, आणि उतरवणाऱ्यांपैकी कोणी अडले तेथे बदलले, कोणी भक्तीच्या भरात पदरची ओवी घातली. त्या पदरच्या ओव्याही छंदात चपखल बसत होत्या, कानाला गोड लागत होत्या; खोटेपणा त्यांच्या रूपावरून ओळखू येत नव्हता. शके १५०६ मध्ये एकनाथांनी अनेक प्रती समोर घेऊन, पाठ ताडून, ग्रंथाची प्रतशुद्धी केली. महाराष्ट्राच्या विद्येच्या इतिहासात या घटनेला आपण भक्तिभावाने नमस्कार करतो आणि पुढे जातो, ती एका विद्वानाने केलेली महान रुजवात होती हे आपल्या ध्यानात येत नाही. नाथांनी नक्कल करणाऱ्यांना शाप दिला नाही, पोथ्या उतरवू नका असेही सांगितले नाही; अक्षर न् अक्षर पाहून त्यांनी खरे-खोटे वेगळे केले. ‘पाणिनीय शिक्षा’ या संस्कृत ग्रंथात जे सहा अधम पाठक सांगितले आहेत त्यांत लिहिलेले पाहून म्हणणारा आहे, आणि अर्थ न जाणता म्हणणाराही आहे. पहिल्यावरचा आक्षेप काळाने पुसला. आज पुस्तक पाहून वाचणाऱ्याला कोणी अधम म्हणत नाही. दुसऱ्यावरचा आक्षेप जसाच्या तसा उभा आहे, आणि माझ्या मते आजचा सगळा झगडा ‘अर्थ’ या एका शब्दापुरता आहे.

हुकूम काढण्याचा मार्ग आपण आजमावून पाहिला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यप्रतिबंधाचे विनियम केले; दहा टक्क्यांपर्यंत साम्य क्षम्य, त्यापुढे चाळीस, साठ अशा पायऱ्यांनी शिक्षा वाढत जाते. हे विनियम जुन्या चोरासाठी घडवलेले आहेत. यंत्र सहसा कोणाचे वाक्य जसेच्या तसे उचलत नाही, ते बहुधा नवे वाक्य घडवते. त्यामुळे ज्या अकरा प्रकल्पांत चादर ही एक ओळख होती, त्यांतील बहुतेक या तराजूत निर्दोष ठरले, आणि एका बिचाऱ्या मुलीने गॅझेटियरमधला उतारा इमानाने अवतरणात दिला होता, तिच्या साम्याचा आकडा मात्र फुगला. मग यंत्राचे लेखन ओळखणारी यंत्रे आली. चॅटजीपीटीच्या निर्मात्यांनीच असे एक ओळखयंत्र २०२३ च्या जानेवारीत काढले, आणि ते पुरेसे अचूक नाही म्हणून जुलैत मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात ओळखयंत्रे तपासली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा परीक्षार्थींचे, माणसांनीच लिहिलेले ९१ निबंध त्यांनी त्यांना दाखवले, आणि ओळखयंत्रांनी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेले ठरवले. कारण असे, की परकी भाषा लिहिणारा माणूस मोजके, ठरीव शब्द वापरतो, आणि ठरीवपणा हेच या पहारेकऱ्यांच्या लेखी चोराचे लक्षण.

सोलापुरात या निष्कर्षाचा अर्थ काय होतो, हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही, तुम्हांला समजेल. या शहरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चारही माध्यमांच्या शाळा आहेत. कुंभारीला बिडी कामगार स्त्रियांसाठी जी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, त्या गोदूताई परुळेकर नगरातून रोज सकाळी बसने महाविद्यालयात येणाऱ्या एका मुलीशी माझी ओळख झाली. घरी तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी आणि आता वाणिज्यशाखेची पुस्तके इंग्रजी. ती मला म्हणाली, “सर, वर्गात मी दोनदा विचारलं की सगळे मागं वळून बघतात. ह्याला वीसदा विचारलं तरी हा रागवत नाही.” तिने त्याला आधी इंग्रजी उतारा मराठीत मागितला, मग ती मराठीही जड वाटली म्हणून सोप्या मराठीत मागितला, मग एक शब्द तेलुगूत विचारला, तेव्हा तिला, तिच्याच शब्दांत, ‘डेप्रिसिएशन म्हंजे काय ते डोक्यात शिरलं’. अठ्ठावीस वर्षे मी शिकवले. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून, मान खाली घालून, काहीही न विचारता गेलेल्या कित्येक मुली त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. यंत्राला सबुरी आहे असे मी म्हणणार नाही, कारण सबुरी हा त्याचा गुण होऊ शकत नाही. पण माझ्याजवळ ती असायला हवी होती, आणि नेहमी नव्हती. ज्या पद्धतीने ती शिकली त्याच पद्धतीने दुसरा कोणी संपूर्ण प्रकल्प ‘काढतो’, आणि आपले विनियम या दोघांना एकाच कठड्यात उभे करतात.

यंत्राच्या विरोधात ठाम उभा राहिलेला विद्यार्थी मला एकच भेटला, आणि त्याचे कारण सोलापूरचेच होते. त्याचे आजोबा साखर पेठेत हातमागावर बसत. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतात. “आजोबांचं काम यंत्रमागानं खाल्लं, आता माझं हे खाणार,” असे तो म्हणाला. मी त्याला सांगितले, की हे यंत्र त्याच्या घराण्याला सर्वस्वी परके नाही. ल्योंच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने मागावर नक्षी उठवण्याची युक्ती सिद्ध केली. तीच पुठ्ठ्यांची माळ चार्ल्स बॅबेजने आपल्या कल्पित गणनयंत्रासाठी उसनी घेतली, आणि १८४३ साली एडा लव्हलेसने त्या यंत्राचे मर्म समजावताना जॅकार्डच्या मागाचाच दृष्टांत दिला. आपल्या चादरीवरचे मोर आणि वेलबुट्ट्या ज्या जॅकार्डवर उमटत आल्या, त्याच झाडाची ही दूरची फांदी. त्याला ही हकीकत आवडली, पण पटली नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, “सर, माग आपोआप चालतो, पण धागा तुटला की बाबाच बघतात. बाबांचं लक्ष नसलं तर अख्खी चादर वाया जाते.” मी त्याला एडा लव्हलेस सांगितली होती, त्याने मला रुजवात सांगितली. वडिलांच्या त्या नजरेला कारखान्यात किती दाम मिळतो, हा प्रश्न त्याने पुढे विचारला नाही, पण तो त्याच्या डोळ्यांत होता.

मराठीपुरते एक बोलून पुढे जातो. या यंत्राची मराठी सुधारते आहे, परंतु ती कोठून सुधारणार? मुख्यतः महाजालावर जे आहे तेच त्याच्या शिदोरीत. आणि आपले बहुतेक ज्ञान अद्याप कपाटांत, मासिकांच्या जुन्या बांधीव खंडांत, आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आहे. म्हणून ज्या प्रश्नाचे उत्तर इंग्रजीत विपुल आहे त्याचे ते मराठीत नीटनेटके भाषांतर देते, आणि जे फक्त मराठीत, किंवा फक्त सोलापुरात आहे, तेथे त्याची जीभ विशेष सैल सुटते. मुलांना हे ठाऊक नाही, कारण ती त्याला आपल्या गावाबद्दल क्वचितच विचारतात. आणि विचारले तर ताडून पाहायला अस्सल कोठे आहे हे त्यांना कोणी दाखवलेले नाही.

माझ्याकडे योजना नाही. प्राचार्यांनी विचारले तेव्हा मी एवढेच सुचवले, की प्रकल्पाला शंभर गुण असतील तर त्यांतले साठ तोंडी परीक्षेला ठेवा, आणि त्या परीक्षेत यंत्र वापरले का असे विचारू नका. यंत्राला काय विचारले, त्याने काय सांगितले, आणि त्यातले कोणते कोठे जाऊन ताडून पाहिले, हे विचारा. प्राचार्य भले गृहस्थ आहेत. त्यांनी वेळापत्रक पुढे केले. एकशे वीस विद्यार्थी, दोन प्राध्यापक, त्यांपैकी एक तासिका तत्त्वावर. यावर माझे सारे तत्त्वज्ञान गप्प बसले. विद्यार्थ्यांची वृत्ती बदलली पाहिजे, असे ठराव आपण करतो, आणि ती वृत्ती ज्याच्याशी दहा मिनिटे बोलल्याने बदलेल तो माणूसच नेमत नाही.

कुंभारीच्या त्या मुलीचा प्रकल्प दुसऱ्या सत्रात माझ्यासमोर आला. विषय बिडी कामगारांची मजुरी. पहिला मसुदा तिने यंत्राकडून लिहवून घेतला होता आणि तो लपवला नव्हता. प्रकल्पाला जोडलाच होता. त्यात म्हटले होते की कामगाराला हजार बिड्यांमागे ठरलेली मजुरी मिळते. वाक्य बरोबर होते, कायद्याला धरून होते. तिने ते रात्री आईला वाचून दाखवले; आई तेंदूचे पान कात्रीने कापता कापता हसली, आणि म्हणाली, हजार मोजून घेतात, पण छाट किती काढतात ते लिहिलंय का? वळलेल्या बिड्यांतून सदोष म्हणून ज्या बाजूला काढतात त्या छाट. त्यांची मजुरी मिळत नाही, आणि हजार भरायला तेवढ्या पुन्हा वळाव्या लागतात. मुलीने पुढले पंधरा दिवस आईजवळ बसून छाट मोजली, शेजारच्या चार घरांत मोजली, आणि यंत्राच्या वाक्यावर काट मारून खाली रोजचा तक्ता मांडला. मराठी ओबडधोबड होती, दोन ठिकाणी लिंग चुकले होते. मी सवयीने विचारले, “हे तुला कोणी सांगितले?”

“आईनं,” ती म्हणाली, “आन् मग मी मोजलं.”

महाविद्यालयाच्या मूल्यमापनपत्रकात साम्याची टक्केवारी लिहिण्यासाठी एक रकाना होता, संदर्भग्रंथांची संख्या लिहिण्यासाठी दुसरा. पहिल्यात मी शून्य लिहिले, दुसऱ्यातही शून्यच लिहावे लागले. मग पत्रक उलटे-सुलटे करून पाहिले, आणि कोठेच जागा नव्हती म्हणून डाव्या समासात, आता माझ्याशिवाय त्या इमारतीत कोणाला वाचता येत नाही अशा मोडीत, ‘रुजू’ असे लिहून खाली सही केली.